मुलांना अडखळत लिहू द्या

महोदय,

नुकतेच एका निबंध स्पर्धेसाठी जॉर्ज ऑर्वेलच्या '१९८४' या हुकूमशाही राजवटीवरच्या कादंबरीवरचे कॉलेजच्या मुलांचे निबंध तपासले. एकसारखेपणाविरुद्ध तावातावाने लिहिलेले ते सगळे निबंध एकमेकांची झेरॉक्स होते! 'व्यक्तिस्वातंत्र्याची गळचेपी' तर जवळजवळ प्रत्येकाच्या पहिल्या परिच्छेदात.

१९४९च्या या कादंबरीचा नायक विन्स्टन चोरून डायरी लिहायला बसतो, तेव्हा आधी त्याला काही सुचतच नाही. मग तो भीतीने भराभरा लिहीत सुटतो, अक्षर वेडेवाकडे होते, पूर्णविरामसुद्धा गळून पडतात. स्वतःचा आवाज पहिल्यांदा फुटतो तो असाच.

एका मुलीने मात्र लिहिले होते, 'माझी आजी विड्या वळती. कारखान्यात माल नापास केला तर का म्हणून विचारायचं नाही. घरी येऊन तेलुगूत जे बोलती ते इथं लिवता येत नाही.' दडपलेला आवाज म्हणजे काय, हे तिला नेमके कळले होते. पण शुद्धलेखनाचे गुण कापले गेले आणि बक्षीस गाईडमधल्या गुळगुळीत निबंधाला गेले. मी हुज्जत घातली, पण तिघा परीक्षकांत एकटी पडले. १९३०चा इंग्रजांचा मार्शल लॉ म्हणजे लष्करी अंमल सोसलेल्या, भर चौकात चार हुतात्म्यांचे पुतळे असलेल्या आपल्या सोलापुरात हे व्हावे!

संयोजकांनी पुढच्या वेळी विषय जागेवर द्यावा, गाईड आणि मोबाईल बाहेर ठेवायला लावावेत आणि बोलीत लिहिले म्हणून गुण कापू नयेत.

– एक निवृत्त शिक्षिका, सोलापूर