गोखल्यांचे नाव, मग उद्दिष्टे उसनी का?

महोदय,

नेत्याच्या नावाने चालणाऱ्या शाळेत शिरले की दर्शनी भिंतीवर ‘ध्येय व उद्दिष्टे’ असा फलक दिसतो. सर्वांगीण विकास, सुजाण नागरिक, सुसंस्कार. वर आगरकरांचे नाव असो की गोखल्यांचे, खालचा मजकूर बहुधा तोच. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांच्या नावाच्या शाळेला तर हा उसना मजकूर मुळीच शोभत नाही, कारण मुले शाळेत कशी आणायची हे त्यांनी कलमवार मांडून ठेवले आहे.

१६ मार्च १९११ रोजी त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. ६ ते १० वर्षांच्या मुलांना शाळा सक्तीची, मुलींना पुढच्या टप्प्यात. खर्चाचा दोन तृतीयांश वाटा सरकारचा, उरलेला स्थानिक संस्थेचा. महिना १० रुपयांहून कमी मिळकत असलेल्या पालकाला फी माफ. मार्च १९१२ मध्ये हे विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले, आणि मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क कायद्याने लागू व्हायला १ एप्रिल २०१० उजाडावा लागला. अंकगणिताचे पाठ्यपुस्तक लिहिलेला हा माणूस. मूल शाळेबाहेर का राहते याचे एकेक कारण त्यांनी मोजून धरले होते.

तीच रीत सोलापुरात लावायची तर पहिले उद्दिष्ट हजेरीचे हवे. यू-डायसमध्ये, म्हणजे शाळांच्या सरकारी माहिती-नोंदीत, पटाची नोंद ३० सप्टेंबरच्या स्थितीवर होते. ऊसतोडीची कुटुंबे गाव सोडतात ती दसरा-दिवाळीच्या सुमारास. कागदावर वर्ग भरलेला, बाकावर मूल नाही. म्हणून दुसरी मोजणी जानेवारीच्या शेवटच्या कामाच्या दिवशी करावी. त्याआधी नको, गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत हजेरी तशीही पडते आणि आकडा फसवतो. सलग तीन दिवस न आलेल्या मुलाच्या घरी चौथ्या दिवशी कोणी जायचे, त्या शिक्षकाचे नाव फलकावरच असावे. स्थलांतराला निघालेल्या मुलाच्या हाती, ते कोणत्या इयत्तेत शिकत होते हे सांगणारे शिक्षण हमी कार्ड द्यावे. ते कपाटात राहिले की मुलाला कुठल्या वर्गात बसवायचे, इथेच तिकडची शाळा अडते.

दुसरे उद्दिष्ट वाचनाचे. शहराच्या पूर्व भागात घरोघरी तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड. विड्या वळणाऱ्या आईच्या सुपाशेजारी बसून मूल जी भाषा बोलते ती पुस्तकात नसते. ‘वाचता येत नाही’ असा शेरा मारण्याआधी शब्द तरी कळतो का, हे चित्र दाखवून पाहावे. मग फलकावर लिहावे: तिसरीतले प्रत्येक मूल डिसेंबरअखेर दुसरीच्या पातळीचा नवा उतारा वाचून ३ प्रश्नांची उत्तरे देईल. उतारा नवाच हवा. पाठ झालेला दिला की निकाल छान लागतो आणि कळत काहीच नाही.

अशी तीन-चारच उद्दिष्टे पुरेत. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला असतात. मजकूर त्यांच्या बैठकीत ठरावा. विड्या जमा करायची वेळ टाळून बैठक ठेवली तर आयांना येता येते.

राहिला स्मरणाचा दिवस. जयंती ९ मेची, तेव्हा उन्हाळी सुट्टी. पुण्यतिथी १९ फेब्रुवारीला, त्याच दिवशी शिवजयंती. त्यापेक्षा १६ मार्च धरावा. त्या दिवशी पालकांपुढे आकडे मोठ्याने वाचावेत: सप्टेंबरात किती मुले होती, जानेवारीत किती, परत किती आली. दहावीचा पेपर असेल तर तो सुटल्यावर संध्याकाळी जमावे. जे उद्दिष्ट पुरे झाले नसेल ते पुढच्या वर्षी फलकावर तसेच राहू द्यावे.

– एक निवृत्त मुख्याध्यापक, सोलापूर