आजीच्या फोटोचं माप

फ्लॉरेन्स, १२ ऑगस्ट

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

मी अगदी मजेत आहे. आई, खोकला केव्हाच गेला. रविवारी फोनवर आवाज बसल्यासारखा वाटला तो उन्हामुळे, काढ्याच्या पुड्या पाठवायच्या खटपटीत पडू नकोस. खोलीचं, कामाचं, जेवणाचं तुम्हाला सगळं माहीतच आहे, ते पुन्हा लिहीत नाही.

काकांनी विचारलं ना, "महिनाभर काम बंद आहे म्हणतेस, मग आली का नाहीस?" त्याचं नीट सांगते, म्हणजे तुम्हालाही कुणी विचारलं तर सांगता येईल. इथे १५ ऑगस्टला फेरागोस्तो असतो. ऑगस्टस बादशहाच्या काळापासूनची ही सुट्टी, पुढे ती १५ तारखेच्या मेरीमातेच्या सणाला जोडली गेली. पण सुट्टी एका दिवसाची नाही. ऑगस्ट लागला की गल्लीच्या गल्ली शटर ओढून समुद्रावर नाहीतर डोंगरात जाते. सरस विकणारा बंद, सुतार बंद, माझ्या खोलीखालचा पाववालासुद्धा बंद. दारावर हातानं लिहिलेला कागद, "सुट्टीनिमित्त बंद", आणि कधी उघडणार ती तारीख. गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल अशी भीतीच नाही, कारण दुसरीकडचाही गेलेला असतो. पाडव्याला पूजा झाल्याझाल्या अर्धं शटर उघडणारी आपण माणसं. पहिल्या वर्षी मला वाटलं होतं, गावात काहीतरी अशुभ घडलंय.

तर सुट्टी होती, हे खरं. पण ज्यांच्याकडे मी चित्रांच्या चौकटी करायला शिकते त्या मेस्त्रींनी एक जुनी चौकट मला सोपवून ठेवली आहे, आणि तिकिटाचे पैसे पतसंस्थेच्या हप्त्यात गेले. आजी गेली तेव्हा परवान्याचे कागद अडकले होते. आत्ता तसं काही नव्हतं. बाबा, तुम्ही "असू दे" म्हणालात, पण ते मला फार लागलं.

काकांचा दुसरा प्रश्नही माझ्या कानावर आला आहे. "फ्रेमा ठोकायला इटलीला कशाला, मिरजेत दुकान आहे की!" बाबा, याचं उत्तर मी तुम्हालाच देते. इथे सान मार्को म्हणून जुना मठ आहे, आता त्याचं संग्रहालय केलंय. तिथे लिनन कापडाच्या व्यापाऱ्यांनी करून घेतलेला एक प्रचंड देव्हारा आहे. त्याच्या संगमरवरी चौकटीचा आराखडा १४३२ साली गिबेर्तीनं केला, तोच तो, ब्राँझच्या दरवाजांवरच्या शिल्पांसाठी जगभर नावाजलेला. आणि आतल्या चित्राचा करार फ्रा अँजेलिकोशी झाला १४३३ च्या जुलैत. म्हणजे चौकट आधी, चित्र मागाहून! सोनं, निळा आणि रुपेरी रंग मिळेल तितका उत्तम वापरायचा आणि मोबदला १९० फ्लोरिन, म्हणजे इथली तेव्हाची सोन्याची नाणी, किंवा त्याच्या सदसद्‌विवेकाला पटेल तर कमी, असं करारात आहे. मेरीमातेच्या भोवतीच्या कडेवर १२ देवदूत वाद्यं वाजवताहेत. मिरजेची मी, तिथे उभी राहून एकेकाच्या हातातलं वाद्य बघत बसले.

तुमच्याकडे लोक येतात, फोटो काउंटरवर टाकतात आणि म्हणतात, "काहीतरी स्वस्तातली पट्टी लावा." तुम्ही तरी चारही कोपरे ४५ अंशांत नख अडकणार नाही असे जुळवता. ते मी तुमच्याकडे शिकले म्हणून इथे पहिल्याच आठवड्यात मला लाकडावर हात टाकू दिला, बाकीचे महिनाभर पॉलिशकागदच घासत होते.

आता शिकतेय ते वर्खाचं. लाकडावर खडू आणि सरसाचे पातळ हात, एकावर एक, सात-आठ. सरस कोमट ठेवायचा, उकळला की त्याची पकड गेली. वर गेरूसारखी लाल माती. मग खारीच्या केसांचा चपटा कुंचला आधी स्वतःच्या गालावरून फिरवायचा, तेवढ्या तेलकटपणावर वर्ख उचलला जातो. माती पाण्यानं ओली केली की पान जवळ नेताच ते स्वतःच उडी मारून चिकटतं. त्या वेळी श्वास सोडायचा नाही, खिडक्या बंद, पंखा बंद. (उन्हानं आवाज का बसतो ते कळलं ना, आई?) सुकलं की अकीक दगडानं घोटायचं. आधी खरखर ऐकू येते, मग ती हळूहळू थांबते आणि सोनं आरशासारखं होतं. जुन्या चौकटींच्या कडांवर सोनं झिजून खालची लाल माती दिसते ना, ती मला नव्या सोन्याहून आवडते.

आई, तुझ्यासाठी एक. इथल्या उफिझी संग्रहालयात मायकलअँजेलोचं गोल चित्र आहे, आन्योलो दोनी आणि मद्दालेना स्त्रोझ्झी या जोडप्यासाठी केलेलं. त्याला त्याची मूळ चौकट अजून आहे. हे फार दुर्मिळ, कारण मालक बदलला की लोक फर्निचरला शोभेल अशी नवी चौकट घालत. फ्रान्चेस्को देल तास्सोनं कोरली असं मानतात. पाच कोरीव डोकी अशी बाहेर डोकावतात की मागे सरावंसं वाटतं. आणि वरच्या बाजूला नक्षीत बारीक चंद्रकोरी आहेत, त्या मद्दालेनाच्या घराण्याच्या, तिच्या माहेरच्या. सुट्टी लागल्यापासून मी दोनदा जाऊन पाहून आले.

आता पैशाचं. ऑगस्टचा पगार सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मिळेल, म्हणून या महिन्याचा हप्ता दादाला भरायला सांगा, मी त्याला परत करीन. दुकानाच्या पत्र्यासाठी वेगळे ठेवलेत, त्यांना हात लावलेला नाही. सांगलीच्या स्थळाला मी नाही म्हणालेले नाही. पण व्हिडिओवर बघण्याचा कार्यक्रम नको. जूनमध्ये येते तेव्हा समोरासमोर भेटू, आणि मी हेच काम करणार हे त्यांना आधी सांगा. थांबायला तयार नसतील तर मनाला लावून घेऊ नका. मला काकांचा राग आला नाही असं त्यांना सांगा. वहिनीला गोड बातमीबद्दल वेगळं लिहिते.

तुमची,
मनू

ता. क. बाबा, आजीच्या फोटोला सिंथेटिक पट्टी लावलीत ती व्हिडिओत दिसली. छान दिसते. तरी फोटोचं माप पाठवा, काचेसकट, जाडीसुद्धा. खाच मी इथे धरते. पट्ट्या सुट्या आणीन, कोपरे तुम्ही जुळवा.