कालिकत १९८०: उपविजेत्या संघाची यादी आता तरी करा

प्रति,
मा. केंद्रीय क्रीडामंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

स. न. वि. वि.

जानेवारी १९८०मध्ये कालिकतला, म्हणजे आजच्या कोळिकोडला, महिलांची आशियाई फुटबॉल स्पर्धा झाली. अंतिम सामन्यात तैवानकडून ०-२ अशी हार पत्करून भारत उपविजेता ठरला. १९८३ला बँकॉकमध्ये पुन्हा उपविजेता. त्याच वर्षी भारतीय संघातल्या शांती मलिक यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. महिला फुटबॉलमधला तो पहिला. त्यांचे नाव राहिले. बाकीच्या मुलींबाबत मात्र निकालाचा आकडा सापडतो; कोण सुरुवातीपासून खेळली, कोण बदली म्हणून उतरली, हे सामन्यागणिक सापडत नाही.

याचे कारण साधे आहे. ही स्पर्धा तेव्हा आशियाई फुटबॉल महासंघाची नव्हती. महिलांची वेगळी आशियाई संघटना ती भरवत असे. १९७५ला हाँगकाँगमध्ये पहिली झाली आणि ती न्यूझीलंडने जिंकली. भारतातही १९७५ला स्थापन झालेला महिलांचा स्वतंत्र महासंघच हा कारभार पाहायचा. पुढे दोन्ही संघटना मोठ्या महासंघांत विलीन झाल्या. विलीनीकरणात ठराव जातात, फायली जात नाहीत. त्या ज्याच्या कपाटात असतील त्याच्याच राहतात.

कालिकतचा गुंता आणखी वेगळा. यजमान म्हणून भारताने 'एस' आणि 'एन' असे दोन संघ उतरवले. अंतिम फेरी गाठली ती 'एस'ने. ऑस्ट्रेलियाकडून वेस्टर्न ऑस्ट्रेलिया या राज्याचा संघ आला होता. मग 'एन'कडून खेळलेली मुलगी आंतरराष्ट्रीय खेळाडू धरायची की नाही? आमच्या मते धरायची, कारण संघ देशाच्याच नावाने उतरला होता. पण हे आम्ही म्हणून उपयोग नाही, आपल्या मंत्रालयाने आणि अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने लेखी ठरवायला हवे. खेळाडूंसाठीच्या कल्याण निधीकडे अर्ज करताना हाच पुरावा पुढे ठेवावा लागतो.

ही यादी करण्याचे काम दोघातिघांचे, काही महिन्यांचे आहे. डिसेंबर १९७९चा शेवटचा आठवडा आणि संपूर्ण जानेवारी १९८०, वर्तमानपत्रांचे एवढेच अंक चाळायचे. सुरुवात कोळिकोडच्याच 'मातृभूमी'पासून. बातमीची तारीख ही सामन्याची तारीख नव्हे, सामना बहुधा आदल्या दिवशीचा. इथेच निम्मे तक्ते चुकतात. स्पर्धेचे वर्षही काही याद्यांत १९७९, काहींत १९८० दिसते. 'इंडिया' एवढेच छापले असेल तर कोणता संघ ते कर्णधाराच्या किंवा गोल करणारीच्या नावावरून जुळवायचे. जुळले नाही तर रकाना मोकळा सोडायचा, अंदाज भरायचा नाही. सामना किती मिनिटांचा होता तेही लिहायचे. महिलांचे सामने तेव्हा सर्रास कमी वेळाचे असत. १९९१चा विश्वचषकसुद्धा ८० मिनिटांच्या सामन्यांचाच होता.

यानंतर संघाचा फोटो. त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून प्रत्येक चेहऱ्याची बाह्यरेषा काढायची आणि आकडे घालायचे. फोटोवर पेन लावायचे नाही. मग दोन खेळाडूंना वेगवेगळे बसवून आकड्यांपुढे नावे विचारायची. एकत्र बसवले की पहिली जे नाव घेते त्यालाच दुसरी मान डोलावते. लग्नानंतरचे नाव वेगळ्या रकान्यात हवे, नाहीतर एकाच मुलीच्या दोन खेळाडू होतात. दक्षिणेकडच्या नावांतली आद्याक्षरे तशीच ठेवावीत. दिल्लीतला कारकून त्यांना आडनाव जोडून मोकळा होतो.

प्रमाणपत्रे स्कॅन करायची, शाबासकी म्हणून लॅमिनेट करून द्यायची नाहीत. त्या उष्णतेने जुनी शाई पसरते आणि प्लास्टिक पुन्हा निघत नाही. पदकही घासून चकचकीत करू नये, मागची कोरलेली अक्षरे झिजतात. दोन्ही बाजूंचे फोटो पुरेत.

२३ जानेवारी २०२२ला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिलांच्या आशियाई चषकात भारताची गाठ याच तैवानशी, म्हणजे आताच्या चायनीज तैपेईशी होती. कोरोनामुळे नियमाप्रमाणे लागणाऱ्या १३ खेळाडूही उभ्या करता आल्या नाहीत आणि यजमान संघ स्पर्धेबाहेर गेला. त्या संघातल्या प्रत्येकीचे नाव एका क्लिकवर मिळते. कालिकतला विशीत असलेल्या मुली आता पासष्टीच्या पुढे आहेत, म्हणून अंक चाळणे आणि फोटोवरची ओळख ही दोन्ही कामे एकाच वेळी सुरू करावीत. अंक ग्रंथालयात थांबतील.

आपले,
भारतीय महिला फुटबॉलच्या नोंदी ठेवणारे काही जण