पुणे की बेंगळुरू : तक्त्यात गाडी कुठे आहे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला ‘पुणे की बेंगळुरू?’ हा लेख दोनदा वाचला. पहिल्यांदा वाटले, उरलेला भाग पुढच्या पानावर असेल. नव्हता.

हवा, मिसळ विरुद्ध डोसा, वाहतुकीची कोंडी (दोन्हीकडे सारखीच, हे सांगायला अर्धे पान खर्ची पडले) आणि तळाशी घरभाड्याचा रंगीत तक्ता. तक्ता देखणा आहे, त्याबद्दल अभिनंदन. पण बदलीचा कागद हातात पडलेल्या माणसाला त्याचा उपयोग शून्य. दरमहाचा खर्च कोणीही मांडतो. कंबरडे मोडते ते राज्याची हद्द ओलांडताना एकरकमी द्याव्या लागणाऱ्या पैशांनी, आणि त्याबद्दल लेखात अवाक्षर नाही.

नाही कसे? एक वाक्य आहे : ‘आपली कार सोबत नेता येत असल्याने तो खर्च वाचतो.’ हे पत्र लिहायला बसवले ते या वाक्याने.

मोटार वाहन कायदा, १९८८. कलम ४६ म्हणते, एका राज्यातली नोंदणी देशभर चालते. लेखकाचे वाचन इथेच थांबलेले दिसते. लगेच पुढच्या कलम ४७ मध्ये लिहिले आहे की गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून जास्त काळ ठेवली तर तिथला नवा क्रमांक घ्यावाच लागतो. आणि वाहनकर राज्याचा असतो. पुण्यात भरलेला ‘वन टाइम टॅक्स’ कर्नाटकाच्या तिजोरीत आपोआप जात नाही.

आता क्रम पाहा. आधी पुण्याच्या आरटीओकडून नमुना २८ वर ना-हरकत. त्यासाठी चासी क्रमांकाचा पेन्सिलने घासून काढलेला ठसा, चालू विमा, पीयूसी, गाडीवर कर्ज असल्यास बँकेचे संमतीपत्र, आणि थकलेली सगळी ई-चलने भरलेली. तीन वर्षांपूर्वीचे सिग्नल तोडल्याचे चलन नेमके इथे उगवते. आणखी एक मेख : ना-हरकत ‘बेंगळुरू’ या नावाने मिळत नाही, तिथल्या ठरावीक कार्यालयाच्या नावाने मिळते. कोरमंगला केए-०१, इंदिरानगर केए-०३, जयनगर केए-०५, इलेक्ट्रॉनिक सिटी केए-५१, के. आर. पुरम केए-५३. उत्साही मंडळी कंपनीच्या पत्त्यावरून कार्यालय निवडून कागद काढतात आणि भाड्याचे घर मिळते भलत्याच हद्दीत. मग पुन्हा पुणे. म्हणून आधी घर, भाडेकरार हातात, मगच ना-हरकत.

तिकडे गेल्यावर नमुना २७, गाडी तपासणीला नेणे, कर, नवा क्रमांक, नव्या पाट्या; मागोमाग विमा आणि फास्टॅग यांवरचा क्रमांक बदलणे. कराचा आकडाही लेखकाच्या सोयीसाठी देतो. ९ लाखांची पेट्रोल कार नवी असताना महाराष्ट्रात ११ टक्के, म्हणजे ९९,००० रुपये. त्याच किमतीला कर्नाटकाचा दर १४ टक्के, म्हणजे १,२६,००० आणि वर उपकर. गाडी जुनी असेल तर वयानुसार रक्कम कमी होते, पण मोजणीची सुरुवात वरच्या दरापासून. इकडे भरलेल्या कराचा परतावाही गाडीच्या वयाबरोबर घटतो. आणि तो मागायचा कधी? तिकडचा कर भरून नवे आरसी हातात आल्यावर. त्याची प्रत आणि मूळ कराची पावती जोडून पुण्यात अर्ज. म्हणजे मधल्या काळात दोन्ही राज्यांचा कर आपल्याच खिशातून गेलेला. पावती हरवली असेल तर आधी ती शोधा, पॅकर्सवाल्याला नंतर बोलवा.

१२ महिन्यांची मोजणी मोडायला मुक्कामाच्या अकराव्या महिन्यात, गणपतीला, गाडी पुण्यात आणून टोलची नोंद जपून ठेवणारे महाभागही आहेत. ‘तिकडे कधी आलो’ हे दाखवायला फास्टॅगचा उतारा उपयोगी पडतो, हे खरेच. पण तिथल्याच सर्व्हिस सेंटरची वर्षभराची बिले गाडीत ठेवून फिरणाऱ्याने ही हुशारी करू नये.

नवीन गाडी घ्यायची असेल आणि कंपनीची कार्यालये चार किंवा अधिक राज्यांत असतील तर २०२१ पासून बीएच (‘भारत’) क्रमांक मालिकेचा मार्ग आहे. नोकरीचा दाखला नमुना ६० वर, कर दोन-दोन वर्षांचा, दर १० लाखांच्या आत ८ टक्के. राज्य बदलले तरी क्रमांक तोच. चार ओळींत मावणारी माहिती आहे. डोशाच्या छायाचित्राने जागा किती खाल्ली, ते मोजून पाहावे.

दुचाकी रेल्वेच्या पार्सलने जाते. टाकी पूर्ण रिकामी, आरसीची प्रत सोबत. १२ महिन्यांचा नियम तिलाही लागू.

आता त्या भाड्याच्या तक्त्याविषयी. पुण्यात डिपॉझिट साधारण दोन-तीन महिन्यांचे. बेंगळुरूत दहा महिन्यांची जुनी रीत. हल्ली पाच-सहावर येते, तेही घासाघीस करून. ३५,००० भाड्याच्या घराला इकडे ७०,००० अडकतात, तिकडे पावणेदोन लाख. घर सोडताना ‘पेंटिंग’च्या नावाने एक महिन्याचे भाडे कापतात, मग तुम्ही भिंतीला खिळा ठोकलेला असो वा नसो. हे करारात आधीच लिहून घ्यायचे असते. आपल्याकडे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ मुळे अकरा महिन्यांचा करारही नोंदवावा लागतो, आणि ती जबाबदारी घरमालकाची. तिकडे अकरा महिन्यांचा करार बहुधा नुसत्या स्टँप पेपरवर. पुढे डिपॉझिटवरून वाजले की हा फरक समजतो. ‘लीज’ची पाटी दिसली तर ती आपल्याकडच्या हेवी डिपॉझिटची थोरली बहीण समजावी : लाखो रुपये एकदम द्यायचे, भाडे नाही, सोडताना रक्कम परत. त्या घरावर मालकाचे बँक कर्ज थकलेले असेल तर जप्तीची नोटीस तुमच्या दारावर लागते.

पाण्याबद्दल लेखात ‘दोन्ही शहरांत टंचाई’ एवढेच. पुण्याला धरण उशाला आहे. बेंगळुरूसाठी कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटरवरून पंपाने चढवून आणतात. पाचवा टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला, ७७५ दशलक्ष लिटर रोजचे. तरी घर बघताना विचारायचा प्रश्न एकच : कावेरीची जोडणी आहे की बोअरवेल? बोअरचे जड पाणी गीझरच्या कॉइलवर पांढरा थर चढवते आणि टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये येतो. पुण्यात बाणेर-वाघोलीकडेही टँकरबद्दल विचारावेच लागते, पण लेखकाला या गोष्टी ‘किरकोळ’ वाटल्या असाव्यात.

आणि घरात अकरावीचे मूल असेल व वैद्यकीयचा विचार असेल, तर दहावी-बारावी महाराष्ट्रातून झाल्याची अट आधी वाचा. एका वर्षाच्या बदलीपायी राज्याच्या ८५ टक्के जागांवरचा हक्क जातो.

जाता जाता. एकाच पानावर ‘बेंगळुरू’, ‘बंगलोर’ आणि चित्राखाली ‘बंगळूर’. अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बदलले आहे. जुने मराठी नाव ठेवायचे तर खुशाल ठेवा, पण एकच ठेवा. मुद्रितशोधन नावाचा विभाग अजून आहे ना?

पुढच्या रविवारी ‘नाशिक की नागपूर?’ अशी जाहिरात पाहिली. तिथे राज्य एकच, ना-हरकत नको, कर पुन्हा नको; ३० दिवसांत आरसीवरचा पत्ता बदलला की काम झाले. लेखकाला सोपे जाईल.

आपला,
एक जुना वाचक
कोथरूड, पुणे ३८