दादा, तू ऐकवलेल्या डार्कथ्रोनबद्दल

प्रिय दादा,

हे तुला फोनवरही सांगता आलं असतं. पण तू माझ्यासाठी काय केलंस ते चार जणांना कळावं, म्हणून जाहीर लिहितेय.

नॉर्वेच्या डार्कथ्रोन या ब्लॅक मेटल (हेवी मेटलचा जास्त काळोखी, कर्कश प्रकार) बँडचा २०१३ चा अल्बम 'द अंडरग्राउंड रेझिस्टन्स' तू मला नुसता पाठवून दिला नाहीस, शेजारी बसून ऐकवलास. माझं प्रेम त्यांच्या १९९२ ते १९९४ मधल्या तीन अल्बमवर. तो पातळ, बोचरा गिटारचा आवाज, कुठेही न थांबणारे ड्रम्स. डार्कथ्रोनमधल्या, कोल्बोटन गावच्या त्याच दोघांनी, फेनरिझ आणि नोक्टर्नो कल्टोने, पुढे उघड उघड जुनं हेवी मेटल वाजवावं, याला आमच्या कंपूत गद्दारी म्हणणारे होते. तू कुणाशी वाद घातला नाहीस. आधी मर्सिफुल फेट या जुन्या हेवी मेटल बँडचा १९८३ चा 'मेलिसा' लावलास आणि त्याला लागूनच डार्कथ्रोनच्या अल्बममधलं शेवटचं, जवळजवळ चौदा मिनिटांचं गाणं 'लीव्ह नो क्रॉस अनटर्न्ड'. फेनरिझचा आवाज मर्सिफुल फेटच्या गायकासारखा, किंग डायमंडसारखा, वरच्या पट्टीत चढला आणि माझ्या अंगावर काटा आला. चेहरे रंगवायची रीत ब्लॅक मेटलमध्ये ज्यांच्याकडून आली, त्यांतला एक हाच किंग डायमंड. आणि 'ब्लॅक मेटल' हे नाव १९८२ च्या ज्या अल्बमवरून पडलं, तो व्हेनमचा, म्हणजे ब्रिटिश हेवी मेटलच्या लाटेतल्याच बँडचा. म्हणजे डार्कथ्रोनचे हे दोघं माहेरी गेले होते रे, घर सोडून नाही!

(कव्हर जिम फिट्झपॅट्रिकचं आहे, थिन लिझीची कव्हरं करणाऱ्या त्या आयरिश चित्रकाराचं, हेही तूच सांगितलंस. आता ते चित्र बघत बसायलाही आवडतं.)

पण सगळ्यात मोठे आभार गिटारसाठी. माझ्या उजव्या हाताला एकच काम येत होतं, एका तारेवर सुसाट ट्रेमोलो, म्हणजे एकच सूर भराभर छेडत राहणं. तू त्याच अल्बममधलं 'व्हॅल्किरी' काढलंस. सुरुवातीचा तो शांत गिटारचा तुकडा, मग एकदम अंगावर येणारी रिफ, गिटारची ती पुन्हा पुन्हा येणारी धून. ती माझ्याकडून निम्म्या वेगाने वाजवून घेतलीस. तळहाताची कड ब्रिजपाशी, तारा गिटारवर जिथे टेकतात तिथे, कशी टेकवायची, सूर कुठे दाबायचा, कुठे मोकळा सोडायचा, हे माझा हात धरून दाखवलंस. चुकले की 'परत' एवढंच म्हणायचास, आवाज न चढवता. दिवसभर कामावरून दमून आलेला असायचास, तरी.

आमच्या बँडच्या नव्या गाण्यात ब्लास्ट बीट, म्हणजे ड्रम्सचा तो अतिवेगवान ठेका, थांबतो आणि तिथे माझी एकटीची रिफ येते, सुटी, स्पष्ट. ती जागा मला तुझ्यामुळे सुचली आणि वाजवताही आली. त्याबद्दल मनापासून आभार, दादा.

रेकॉर्डिंग झालं की पहिलं तुलाच पाठवीन. सोलो लांबलाय वाटलं तर स्पष्ट सांग.

तुझी,
छोटी