सिनेगॉगच्या ग्रुपने माझ्या मुलाला काय दिलं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आम्ही मूळचे अलिबागकडचे बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, घरात मराठीच, नोकरीमुळे फोंड्यात आलो. माझा मुलगा १५ वर्षांचा, शाळेत तो एकटाच ज्यू, शनिवारी शब्बाथ (आमचा विश्रांतीचा दिवस, शुक्रवारी संध्याकाळीच सुरू होतो) का पाळता हे सांगून सांगून कंटाळला आणि मग सांगायचंच बंद केलं त्याने. गोव्यात आमच्या समाजाचं जुनं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ, नाही (इथे इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगीजांचं धर्म-न्यायालय होतं, १५८० मध्ये ज्यू वंशाचे वैद्य गार्सिया द ओर्ता यांची हाडंसुद्धा उकरून जाळली, पणजीच्या त्यांच्या नावाच्या बागेजवळून जाताना मला दरवेळी आठवतं).

मे महिन्यात त्याला ठाण्याला मावशीकडे पाठवलं, तिथे सिनेगॉगच्या मुलांच्या ग्रुपमध्ये जायला लागला. आधी नको नको म्हणत होता. मग मोठ्या मुलींनी हिब्रू प्रार्थना चालीत शिकवल्या, सगळ्यांनी मिळून मलिद्याचे (आमच्या प्रार्थनेतल्या गोड प्रसादाचे) पोहे भिजवले, नारळ खवला, अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हन्नबी या आमच्या प्रेषिताच्या खडकावर जाऊन आले. सामूहिक प्रार्थनेला मिन्यान, म्हणजे किमान दहा पुरुष लागतात, एका सकाळी नऊच होते आणि हा दहावा, तेव्हा आजोबांच्या वयाची माणसं त्याची वाट बघत थांबली होती हे त्याने मला फोनवर तीनदा सांगितलं!! घरी मी कितीही सांगितलं असतं तरी हे झालं नसतं, त्या वयात मुलं आईचं नाही मित्रांचं ऐकतात.

गोव्यात आमच्यासारखी मराठी ज्यू कुटुंबं असतील तर प्लीज पुढे या, महिन्यातून एका शुक्रवारी मुलांना एकत्र बसवू, जागा आमच्या घरी आहे.

– एक आई, फोंडा