ताई, पिंगळा दिवसाचाच ठेवला

ताई, सप्रेम नमस्कार.

पिंगळ्याचा, म्हणजे त्या छोट्या घुबडाचा, फोटो अखेर मनासारखा उतरला. फोनवर आभार मानले असते तर तुम्ही "असू दे रे" म्हणून विषय बदलला असता. शिवाय तुम्ही जे शिकवलंत ते आणखी चार जणांच्या उपयोगी पडेल, म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहितोय.

तुम्ही सुरुवात कानांपासून करायला सांगितली होती. नुसतं बघत फिरलं की घुबड सापडत नाही. एकाच झाडाभोवती बुलबुल, साळुंक्या आणि खारी एकदम कलकलाट करायला लागल्या की तिथे थांबायचं. दिवसा बसलेल्या घुबडाला लहान पक्षी असे घेरून पिटाळू बघतात. मग खोडावरचे विष्ठेचे पांढरे ओघळ शोधायचे आणि बुंध्याशी पडलेले राखाडी गोळे. भक्ष्याची न पचलेली हाडं, केस, किड्यांची कवचं घुबड तोंडावाटे टाकून देतं, ते हे गोळे. एक मी काडीने उकलून पाहिला, आत भुंगेऱ्यांच्या पंखांचे चकचकीत तुकडे होते. वर मान केली तर साहेब ढोलीच्या तोंडाशी बसून माझ्याकडेच बघत होते. दिवसा घुबडाला दिसत नाही म्हणणाऱ्यांना त्या झाडाखाली उभं करायला हवं.

कॅमेरा उचलायच्या आधी पक्ष्याचा नूर ओळखायला शिकवलंत, हे फार मोठं काम केलंत. पिसं फुगवून, डोळे अर्धवट मिटून बसला असेल तर त्याला आपली अडचण नाही. अंग आक्रसून उंच, बारीक झाला आणि डोळे वटारले, की मागे सरकायचं. फोटो मिळो न मिळो. मान खालीवर करायला लागला तर तो आपलं अंतर जोखतोय. घुबडाची बुबुळं खोबणीत फिरत नाहीत, त्यामुळे सगळं डोकंच हलवावं लागतं त्याला. म्हणूनच 'बसलेला तर आहे' असं म्हणत शटर १/१०० सेकंदावर ठेवून भागत नाही, नेमके डोळेच पुसट येतात. १/५०० हवं, त्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) ८०० पर्यंत चढला तरी चालेल, हे तुमचं गणित पटलं. सरळ चालून न जाता तिरकं, थांबत थांबत जाणं आणि फ्लॅश बॅगेतच ठेवणं, हेही तुमचंच.

ऊन मात्र आपल्या हातात नसतं. पानांतून आलेला एक कवडसा बरोबर कपाळावर आणि बाकी चेहरा सावलीत, अशी अवस्था होती. ढगाची वाट बघ म्हणालात. ढग आला.

खरे उपकार झाले ते एडिटिंगच्या वेळी. तुम्ही रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेली, प्रक्रिया न केलेली) मागवून घेतलीत, स्क्रीन शेअर करायला लावलीत आणि कुठला स्लायडर का हलवायचा ते सांगत बसलात. माझा बेत असा, की मागचं सगळं काळं करायचं आणि डोळे पिवळेजर्द. घुबड म्हणजे रात्र! तुम्ही एवढंच म्हणालात, "दिवसा भेटलाय ना? मग दिवस दिसू दे." हे एक वाक्य डोक्यात असलं की पुढचं बरंचसं आपोआप ठरत जातं. भोवतीच्या पानांमुळे छातीवरच्या पांढऱ्यावर हिरवट झाक आली होती. सगळ्या फोटोचा व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा समतोल, हलवला तर छाती सुधारते आणि खोड जांभळट पडतं. म्हणून मास्क करून फक्त पक्षी निवडला आणि तेवढ्यापुरती रंगछटा (टिंट) हिरव्याकडून जराशी मजेंटाकडे नेली. ढोलीतली सावली थोडीच उघडली, ढोली आतून काळीच असते. डोळ्यांच्या पिवळ्याला हात लावला नाही.

शार्पनिंगच्या, म्हणजे फोटोला धार काढण्याच्या, बाबतीत तुम्ही कडक होतात. घुबडाची पिसं मुळातच मऊ, वरून मखमली. उडताना आवाज होत नाही त्याचं एक कारण तेच. त्यांना धार काढली की पक्षी पेंढा भरलेला वाटतो. लाइटरूम या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑल्ट दाबून मास्किंगचा स्लायडर ओढला की धार कुठे लागणार ते काळ्यापांढऱ्यात दिसतं, पांढरं तिथे धार. डोळ्यांच्या कडा, चोच आणि चोचीभोवतीची केसाळ पिसं, जवळजवळ एवढंच पांढरं उरेपर्यंत ओढायचं.

एका फ्रेममध्ये बाकी सगळं जमलं होतं, पण एका डोळ्यावर दुधी पडदा. तिसरी पापणी ती, डोळा पुसायला तिरकी सरकत येते. शेजारच्या फ्रेममधला डोळा आणून बसवू का, असं विचारलं तर तुम्ही हसलात आणि ती तशीच ठेवायला लावलीत. आता मुख्य फोटोपेक्षा तीच जास्त वेळा उघडून बघतो.

एका बाबतीत आपलं जमलं नाही. छातीवरून जाणारी ती सुकी काटकी तुम्हाला ठेवायची होती, मला काढायची. मी काढली. झाडावरची फांदी मोडून वाट मोकळी करण्यापेक्षा स्क्रीनवर काटकी पुसणं केव्हाही बरं, या मतावर मी अजून ठाम आहे. स्पर्धेला पाठवणार असतो तर गोष्ट वेगळी, तिथे अशा काढाघालीला सहसा मनाई असते.

आणि हो, इतकं सगळं करताना ते झाड कुठे आहे, हे तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. उलट फाइल एक्स्पोर्ट करताना तिच्यातली जीपीएसची नोंद काढून टाकायची आठवण केलीत. विणीच्या दिवसांत ढोलीचा पत्ता फुटला की तिथे कॅमेऱ्यांची रांग लागते. तुम्ही ती पाहिलेली असणार.

प्रिंट मॅट कागदावर काढतोय. स्क्रीनपेक्षा प्रिंट गडद येते म्हणून ब्राइटनेस थोडा वाढवलाय, फाइल पाठवतो, एकदा नजर टाका. एक प्रत तुमच्यासाठी काढणार आहे, आणि ती काटकीसकट.

तुमचा,
ऑल्ट दाबायला शिकलेला विद्यार्थी